वाणाचा डबा आणि नळाची चावी

यंदा संक्रांत बुधवारी, १४ जानेवारीला होती आणि आमच्या वसई-विरार महापालिकेचं मतदान दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी १५ तारखेला. म्हणजे आज तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि उद्या बटण दाबा! २०२० साली महापालिकेची मुदत संपली, तेव्हापासून साडेपाच वर्षं प्रशासकाचा कारभार. इतक्या वर्षांनी निवडणूक आली आणि ती नेमकी संक्रांतीला लागून आली.

आचारसंहितेमुळे मंडप घालून, माइक लावून हळदीकुंकू करणं उमेदवारांना अवघड होतं. मग वाण घरपोच आलं. संक्रांतीच्या दोन दिवस आधी, रात्री साडेनऊच्या सुमाराला आमच्या दाराची बेल वाजली. दारात दोन कॉलेजातल्या मुली, हातात पिशव्या. "काकू, संक्रांतीचं वाण." मी विचारलं, कुणाकडून गं? एक नुसती हसली, दुसरी म्हणाली, "तुम्हाला कळेलच." पिशवीत स्टीलचा डबा, त्यात तिळाच्या वड्या. मी "नको" म्हटलं. त्यावर त्या मुलीचा चेहरा पडला तो मी डबा घेतला नाही म्हणून नव्हे. तिच्या दुसऱ्या हातात यादी होती, माझ्या नावापुढे टिक करायला पेन उघडलेलं होतं आणि आता तिथे काय लिहायचं, हा तिला प्रश्न पडला होता.

समोरच्या वहिनी दारातूनच म्हणाल्या, "अहो घ्या हो, आपल्याच पैशाचं असतं ते!" त्यांचंही काही चुकलं नाही म्हणा.

दुसऱ्या दिवशी कामाला येणाऱ्या मावशींना मी हे सांगितलं. तर त्या पदराआड हसत म्हणाल्या, "ताई, मला दोन आले. दोघांचे डबे सारखेच. एकाच दुकानातून घेतले असतील." मग मत कुणाला? "ते मी माझ्या नवऱ्यालाबी सांगत नाय, तुम्हाला काय सांगू?" मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. आपण शिकलेल्या बायका उगाच समजतो की गरीब बाई डब्याला, साडीला, पाचशेच्या नोटेला भुलते. ती भुलत नाही. डबा घेते, त्यात डाळ भरते आणि आपल्या मनाचं करते.

पण मैत्रिणींनो, डब्याची गोष्ट वेगळी आणि नळाची वेगळी. डबा एकदाच येतो. पाणी रोज लागतं.

मी गेली चौदा-पंधरा वर्षं नालासोपारा पूर्वेच्या चाळींमध्ये बचत गटांचं काम करते. लग्न होऊन वसईत आले तेव्हा मला वसई म्हणजे वाडीतली केळी, विहिरी, चर्च आणि फुलांच्या टोपल्या घेऊन पहाटेची लोकल पकडणाऱ्या बायका, एवढंच माहीत होतं. रूळ ओलांडून पूर्वेला गेले आणि दुसरंच गाव दिसलं. कोकणातून, देशावरून, उत्तर प्रदेशातून आलेली माणसं. मुंबईत घर परवडत नाही म्हणून विरार लोकलच्या शेवटच्या टोकाला आलेली. २०११च्या जनगणनेत आमच्या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. आज ती किती झाली असेल याचा अंदाज सकाळी सातच्या लोकलला नालासोपाऱ्याला चढून बघा.

या माणसांकडे दोन गोष्टी नव्हत्या. घराचे कागद आणि पाणी. आणि याच दोन गोष्टींवर आमच्याकडचं राजकारण उभं राहिलं. पक्ष कुठलाही घ्या.

चाळीत टँकर येतो म्हणजे काय होतं, हे ज्यांच्या घरी चोवीस तास पाणी आहे त्यांना सांगून कळणार नाही. टँकर किती वाजता येईल ते नक्की नसतं. त्यामुळे घरातली एक बाई कायम घरात अडकलेली. ती कामाला जाऊ शकत नाही, माहेरी जाऊ शकत नाही. मुलगी दहावीला असली तरी टँकरचा हॉर्न वाजला की पुस्तक टाकून पाइप धरायला पळते. टाकी लहान असली तर भांडणं, मोठी असली तर पैशांवरून भांडणं. आणि टँकर कुणाच्या शब्दावर येतो? चाळीत एक माणूस असतो. तो नगरसेवक नसतो, नगरसेवकाचा माणूस असतो. त्याच्या मोबाइलमध्ये टँकरवाल्याचा नंबर असतो. तो फोन करतो आणि पाणी येतं. ते पाणी खरं तर आपण पैसे मोजून घेतो, पण बायका म्हणतात, "त्या दादांनी पाणी दिलं." विकत घेतलेलं पाणीसुद्धा उपकार होऊन बसतं!

वसईत पाण्याचं राजकारण जुनं आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला इथल्या हिरव्या पट्ट्यातल्या विहिरींतून टँकर भरभरून पाणी इमारतींकडे जाऊ लागलं, विहिरी खाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यात पुढे होते. पुढे २०२०मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आमच्याकडच्या जुन्या बायका साहित्यापेक्षा त्या मोर्च्यांचीच आठवण काढत होत्या. २०२४च्या जुलैमध्ये फादर गेले.

नंतर सूर्या नदीचं पाणी आलं. हे धरण वर डोंगरात, आदिवासी भागात. मुळात शेतीच्या सिंचनासाठी बांधलेलं. त्यातलं पाणी शहरांकडे वळवलं म्हणून तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी आंदोलनं केली, अजून करतात. आपल्या बादलीत येणारं पाणी कुणाच्या तरी शेतातून आलंय, हे नळ सोडताना आपल्या मनातही येत नाही. असो. त्या सूर्या प्रकल्पाचा पुढचा मोठा टप्पा एमएमआरडीएने हाती घेतला. एकूण ४०३ दशलक्ष लिटर रोजचं पाणी, त्यातलं १८५ वसई-विरारचं, बाकी मीरा-भाईंदरचं. २०२३ साली आमच्या वाट्याच्या पाण्याची जलवाहिनी तयार झाली. आम्ही बायका खूश! पण पाणी काही येईना. का? तर उद्घाटनाला मोठ्या पाहुण्यांची वेळ मिळत नाही म्हणून ते अडवून ठेवलंय, असा आरोप झाला. लोक रस्त्यावर आले, मोर्चे निघाले, विषय हायकोर्टापर्यंत गेला. तेव्हा आमच्या गटातली एक आजी म्हणाली होती, "पाणी आलंय पण नारळ नाय आला." एवढ्या नेमक्या शब्दांत मी तरी कुठल्या अग्रलेखात ते वाचलं नाही.

घरांची कथा पाण्याहून वाईट. अनधिकृत चाळीत किंवा इमारतीत घर घेतलेल्या माणसाची मान कायम कुणाच्या तरी हातात असते. घरपट्टीची पावती असते, वीजबिल असतं, त्यामुळे त्याला वाटतं घर पक्कं झालं. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, हे त्याला नोटीस आल्यावर कळतं. नोटीस आली की तो धावतो त्याच माणसाकडे. "घाबरू नका, आपण आहोत ना!" हे "आपण आहोत ना" म्हणजेच मत. २०२५च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती हायकोर्टाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जागेवर त्या उभ्या होत्या. दोन हजारांवर कुटुंबं रस्त्यावर आली. त्या दिवशी मी तिथे होते. एक बाई देव्हारा मांडीवर घेऊन फुटपाथवर बसली होती आणि फोनवर फोन लावत होती. इतकी वर्षं ज्यांनी "आपण आहोत ना" म्हटलं होतं, त्यांच्यातल्या एकाचाही फोन लागत नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला आणि १७ जीव गेले. एका घरात लहान मुलीचा पहिला वाढदिवस होता.

मला कधी कधी वाटतं, पाणी आलं आणि घरं कागदावर चढली, तर यातल्या कितीजणांचं दुकान चालू राहील? गरिबी ही त्यांच्यासाठी सोडवायची गोष्ट नाही, ती सांभाळायची गोष्ट आहे. थोडं थोडं द्यायचं, पुरतं कधीच नाही.

आणि हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला, त्याआधी आपण ठाणे जिल्ह्यात. या भागात सावकार-जमीनदारांनी वारल्यांना राबवलं ते चाबकाने, हे आपण ऐकलेलं असतं. पण चाबकापेक्षा मोठं हत्यार होतं खावटीचं. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून उसनं आणायचं आणि पीक आल्यावर त्याहून कितीतरी जास्त फेडायचं. फेडता आलं नाही तर राबायचं. लग्नासाठी पैसे घेतले तर नवराबायको दोघं वर्षानुवर्षं त्याच्या घरी. त्यांना म्हणायचेच लग्नगडी. मे १९४५मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारली जमले आणि वेठ करणार नाही असं ठरलं. गोदूताई परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते सगळं लिहिलंय. वेठबिगारी बंदीचा कायदा मात्र आला १९७६ साली. आणि त्यानंतरही, १९८२ मध्ये आमच्याच वसई तालुक्यात विवेक पंडितांना वेठबिगारांच्या सुटकेसाठी श्रमजीवी संघटना उभी करावी लागली. कायदा होऊन सहा वर्षं झाली होती आणि मुंबईपासून लोकलने तासाभरावर माणसं गहाण होती!

सावकाराची खावटी कशी चालायची बघा. भूक लागेल तेव्हाच धान्य, तेही त्याच्याच दारात, आणि देताना मोठेपणा त्याचा. आता टँकर आठवा.

माझा भाचा लागोसला नोकरीला आहे, नायजेरियात. दिवाळीला आला होता. इकडच्या डब्यांच्या गोष्टी ऐकून म्हणाला, "मामी, आमच्याकडे तर याला अधिकृत नावच आहे." तिथल्या एकिती राज्यात २०१४ साली गव्हर्नरची निवडणूक झाली. सत्तेतले गव्हर्नर कायोदे फायेमी. त्यांच्याविरुद्ध आयो फायोसे उभे. प्रचारात तांदळाच्या पिशव्या वाटल्या गेल्या आणि फायोसे निवडून आले. तेव्हापासून तिथे 'स्टमक इन्फ्रास्ट्रक्चर' हा शब्द रूढ झाला. म्हणजे रस्ते, पूल नंतर, आधी पोटाची सोय. फायोसेंनी म्हणे त्या नावाचा खास सल्लागारसुद्धा नेमला! आणि २०१८च्या निवडणुकीत मत दिल्याचं दाखवून पैसे घ्यायची पद्धत इतकी बोकाळली की योरुबा भाषेत तिला म्हणच पडली, 'दिबो को सेबे'. मत दे आणि आमटी शिजव.

मत दे आणि आमटी शिजव... मी हे आमच्या गटात सांगितलं तेव्हा बायका आधी हसल्या, मग एकजण म्हणाली, "म्हणजे तिथेबी चूल पेटत नाय."

आता मी लाडक्या बहिणीकडे येते. हा विषय टाळून हा लेख लिहिला तर तुम्हीच मला पत्र लिहाल. २०२४च्या जूनमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली, ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या तोंडावर दोन महिन्यांचे तीन हजार खात्यात आले आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. योग जुळवून आणलेला होता, हे सांगायला ज्योतिषी नको. पण म्हणून मी त्या पंधराशे रुपयांना नावं ठेवणार नाही. आमच्या गटातल्या एकीने त्यातून चष्मा केला. चार वर्षं ती सुई ओवायला शेजारच्या पोराला हाक मारत होती. दुसरीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावरचे पैसे बँकेतून काढले आणि पावती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. नवऱ्याला न विचारता खर्च करता येणारे पंधराशे रुपये म्हणजे काय, हे ज्यांच्या पर्समध्ये कायम पैसे असतात त्यांनी ठरवू नये. आणि हे एकट्या महाराष्ट्रात नाही. मध्य प्रदेशात लाडली बहना, कर्नाटकात गृहलक्ष्मी, बिहारमध्ये २०२५च्या निवडणुकीआधी बायकांच्या खात्यात दहा हजार. इकडे विरोधकांनीही तीन हजारांचं आश्वासन दिलंच होतं. सगळ्याच पक्षांना बहिणी लाडक्या झाल्यात!

माझं दुखणं वेगळं आहे. सरकारी तिजोरीतून येणारा पैसा भावाची ओवाळणी कधीपासून झाला? ओवाळणी म्हटलं की भाऊ रुसू शकतो. आणि रुसलेच की! ऑगस्ट २०२४मध्ये अमरावतीत आमदार रवी राणा जाहीर कार्यक्रमात म्हणाले, मत दिलं नाहीत तर हेच पैसे परत काढून घेईन. मग टीका झाल्यावर म्हणे गंमत केली. नोव्हेंबरात कोल्हापुरात खासदार धनंजय महाडिकांनी, योजनेचा लाभ घेणाऱ्या बायका काँग्रेसच्या सभेत दिसल्या तर त्यांचे फोटो काढा, असं सांगितलं. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला, त्यांनी माफी मागितली. आणि निवडणूक झाल्यावर? प्रचारातले एकवीसशे राहिले बाजूला, छाननी सुरू झाली. २०२५च्या जुलैत २६ लाखांवर बायकांचे हप्ते थांबवल्याचं सरकारनेच सांगितलं. पुरुषांच्या नावावरसुद्धा हप्ते गेले होते. जे निकष अर्ज भरताना बघायचे, ते मतं मोजून झाल्यावर बघितले गेले.

पैसे वाटण्याच्या आरोपांत आमचं विरारही देशभर गाजलं. १९ नोव्हेंबर २०२४, मतदानाच्या आदल्या दिवशी. विरारच्या एका हॉटेलात भाजपचे विनोद तावडे होते, बहुजन विकास आघाडीच्या कार्यकर्त्यांनी पैसे वाटल्याचा आरोप करत त्यांना घेरलं. तावडेंनी आरोप साफ नाकारला. नऊ लाखांवर रोकड जप्त झाली, गुन्हे दाखल झाले. दिवसभर टीव्हीवर आमचंच गाव. त्यावर मी जास्त बोलत नाही, ते काम पोलिसांचं आणि कोर्टाचं. मला त्या दिवशी चाळीत ऐकलेलं एकच वाक्य आठवतं, "आपल्यापर्यंत काय पोचलं नाय बुवा." कुणी चिडलं नव्हतं, कुणाला धक्का बसला नव्हता. हिशेब लागत नव्हता एवढंच.

कायदा काय म्हणतो? मत देण्यासाठी लाच देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, जुलै २०२४पासून न्याय संहितेत आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. जेवणावळ, दारू असं असेल तर नुसता दंड. घेणारीही गुन्हेगार, हे ऐकलं की तक्रार करायला कोण पुढे येणार?

बायका मला नेहमी विचारतात, "ताई, मशीनमध्ये कुणाला दिलं ते कळतं का हो?" मी ठासून सांगते, नाही कळत. एका बाईचं मत कुणालाही कळत नाही. पण याच्यापुढे एक गोष्ट आहे, ती मलाही उशिरा समजली. मतमोजणी केंद्रानुसार होते. कुठल्या मशीनमध्ये कुणाला किती, ते आकडे बाहेर येतात. एका केंद्रावर हजारभर मतदार, म्हणजे आठ-दहा चाळी. कुठल्या गल्लीने दगा दिला ते साहेबांच्या माणसांना संध्याकाळपर्यंत पाठ असतं. पूर्वी कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजण्याआधी त्या एकमेकांत मिसळता यायच्या. अनेक मशीनची मतं एकत्र मोजणारं 'टोटलायझर' नावाचं यंत्र वापरावं, असं निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवलं होतं. विधी आयोगानेही २०१५मध्ये पाठिंबा दिला. सरकारने ते मान्य केलं नाही. २०१९मध्ये मेनका गांधींनी प्रचारात उघड सांगितलं होतं की जास्त मतं देणारी गावं ए, मग बी, सी, डी, आणि कामं त्याच क्रमाने. आणि २०२५च्या नगरपालिका-नगरपंचायतींच्या प्रचारात आपल्याकडच्या बड्या नेत्यांनीही मत तुमच्याकडे तर निधी आमच्याकडे, अशा अर्थाची भाषा केलीच की. म्हणजे त्या आजीची भीती अगदीच अडाणी नव्हती. तिचं मत कळत नाही, तिची गल्ली कळते.

आता जे लिहायचं इतका वेळ पुढे ढकलत होते ते लिहिते.

२०२४च्या जुलैमध्ये लाडक्या बहिणीचे अर्ज सुरू झाले तेव्हा सेतू केंद्रांपुढे केवढ्या रांगा होत्या, आठवतं ना? पावसात, पोरं कडेवर घेऊन बायका उभ्या. दाखले नाहीत, आधारवर नाव एक, बँकेत दुसरं. माझ्या आठ गटांतल्या मिळून शंभराच्या वर बायका. मी एकटी कुठे पुरी पडणार? तेव्हा एका पक्षाच्या कार्यकर्त्याने मला फोन केला. (कुठल्या ते लिहीत नाही. दुसऱ्याने आधी फोन केला असता तर दुसरा असता.) म्हणाला, "ताई, आमच्या कार्यालयात दोन लॅपटॉप आहेत, मुलं आहेत, चहापाणी आहे. तुम्ही फक्त यादी द्या." मी माझी वही दिली. नाव, पत्ता, मोबाइल, आधार, खातं नंबर. सगळं माझ्याच अक्षरात, रेघा आखून. दोन दिवसांत काम झालं. बायकांनी माझे हात धरले. मीही घरी येऊन नवऱ्याला कौतुकाने सांगितलं, बघा कसं काम करून घेतलं!

नोव्हेंबरात फोन सुरू झाले. आधी शुभेच्छा, मग सभेचं निमंत्रण, मग "ताई, फॉर्म आमच्याकडेच भरलेला ना तुम्ही? मग येताय ना?" प्रत्येकीला नावानिशी. आमच्या गटात एक भाजी विकणारी आहे, स्टेशनबाहेर बसते. ती सभेला गेली नाही. राजकारण वगैरे काही नाही, त्या दिवशी तिच्या मुलीला ताप होता. त्या आठवड्यात त्यांच्या ओळीत टँकर आला नाही. दोनदा. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं, "बघा, कुणामुळे हाल झाले तुमचे." सतरा घरांच्या बायका तिच्याशी बोलेनात. ती आली माझ्याकडे. मला वाटलं रडेल, पण नाही. तिने शांतपणे विचारलं, "ताई, माझा नंबर त्यांना कुणी दिला?"

मी म्हटलं, "काय माहीत बाई. कुठून तरी मिळवला असेल."

समाजकार्य करणारी बाई, बी.ए. मराठी झालेली, शिबिरांत मतदार जागृतीवर बोलणारी. खोटं बोलले. तिला ते कळलं की नाही, मला आजही माहीत नाही. ती "बरं" म्हणाली आणि गेली.

चार महिने मी तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. शेवटी मार्चमध्ये, महिला दिनाच्या कार्यक्रमाची खुर्च्या-सतरंजी आवरताना तिला बाजूला घेऊन सांगितलं. यादी मी दिली होती. विश्वासाने दिली होती, पण मीच दिली. ती बराच वेळ सतरंजीच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "तुमच्याकडे पाणी येतं ना ताई, म्हणून तुम्हाला सुचलं नाय." यात राग होता की समजूत, ते मला ठरवता आलं नाही.

त्यानंतर आम्ही गटात एक ठराव केला. वही माझ्याकडे राहत नाही, ती त्या भाजीवालीच्या घरी, पत्र्याच्या पेटीत कुलपात असते. कुणालाही काही हवं असेल तर तीन बायकांच्या सह्या. त्यात मी नाही. टँकरचे पैसे त्या माणसाच्या हातात देणं बंद केलं, चाळीतल्या चौघी जणी मिळून टँकरवाल्याशी थेट बोलतात आणि पावती घेतात. सुरुवातीला दोन टँकरवाल्यांनी नाही म्हटलं. तिसरा आला. तो महाग पडतो, खोटं कशाला सांगू? दोन घरं त्यातून बाहेर पडली आणि पुन्हा दादांकडे गेली. त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्याकडे महिन्याअखेरीला खरंच पैसे नसतात.

महापालिकेच्या निवडणुकीत आमच्याकडे एकेका बाईला चार-चार मतं द्यायची होती. निम्म्या जागा बायकांच्या. उमेदवार बाई हात जोडून पुढे आणि बोलत होता मागे उभा असलेला नवरा, हे दृश्य यंदाही दिसलंच. आमच्या चौघी जणींनी प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं होतं. आमच्या ओळीत जलवाहिनी कधी टाकणार, तारीख सांगा. टँकर नको. एकजण म्हणाला, "आधी निवडून तर द्या!" एकजण बराच वेळ थांबला आणि अडचण काय आहे ते नकाशा काढून समजावलं. बाकीचे "बघू, करू" म्हणत पुढच्या गल्लीत.

मधल्या काळात, २०२५च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणीचं ई-केवायसी सक्तीचं झालं होतं. स्वतःच्या आधारवर ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी. ज्यांचा नवरा नाही आणि वडीलही नाहीत त्यांनी काय करायचं, ते कुणाला सांगता येत नव्हतं. पुन्हा तोच गोंधळ, आणि पुन्हा तसाच एक फोन मला आला, "ताई, यादी द्या, आम्ही करून देतो." मी म्हटलं, यादी माझ्याकडे नसते हो आता.

मग आम्हीच बसलो. रविवारी दुपारी, चाळीच्या जिन्याखाली, कारण नेटवर्क तिथेच येतं. दोन कॉलेजातल्या मुली, तीन बरे मोबाइल आणि एक चार्जर. प्रत्येकीचं काम तिच्याच फोनवर करायचं, असं ठरवलेलं. वेबसाइट सारखी बंद पडायची, संध्याकाळपर्यंत अकरा जणींचंच झालं. भाजीवालीचा नंबर आला तेव्हा मी शेजारी बसून तिला कुठे दाबायचं ते दाखवत होते. फोन वाजला, ओटीपी आला. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, मग फोन छातीशी धरून माझ्याकडे पाठ केली आणि एक-एक आकडा स्वतःशीच पुटपुटत दाबला.

मी दुसरीकडे बघत राहिले.